नऊशे एकसष्टपुढची रेघ

फोरमननं प्रुफाचं पान तिच्यापुढं ठेवलं, शेजारी हस्तलिखिताचं पान ठेवलं, आणि दोन्हीकडं एकेक बोट टेकवून तो म्हणाला, "बाई, इथं तुम्ही एकोणतीस खोडून रेघ घातलीये. मूळ प्रतीतही एकोणतीसच आहे. मग ही रेघ आली कुठून?" तिनं पाहिलं. कोष्टकाचं अगदी शेवटचं पान. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एकसष्ट. त्या आकड्यापुढं छपाईच्या शिशाच्या खिळ्यांनी उमटलेला एकोणतीस, त्यावर तिच्या तांबड्या शाईची तिरकी काट, आणि समासात तिच्याच हातची छोटी आडवी रेघ. हस्तलिखितात मात्र जुन्या जांभळट शाईत, स्वच्छ आणि वळणदार, एकोणतीस. "ऐकण्यात चूक झाली असेल," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत बाईंच्या ऐकण्यात चूक झालेली नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. "पुढच्या शनिवारी या पानांचा फर्मा छापायला मशिनवर चढतो. तोवर काय ते सांगा," असं म्हणून तो जिना उतरून गेला. खालच्या मजल्यावरच्या यंत्रांची थरथर टेबलाच्या पायांतून वर येत होती. रोजचीच ती, पण आज तिला वाटलं की ती आपल्या बोटांतून निघून खाली चालली आहे.

त्या छापखान्यात गोष्टींची पुस्तकं छापत नसत. आकडे छापत. भरती-ओहोटीची कोष्टकं, सूर्य उगवण्या-मावळण्याची, पुलांनी पेलायच्या वजनांची. गोष्टीत एखादं अक्षर चुकलं तर वाचणारा ते मनातल्या मनात सुधारून पुढं जातो. आकडा चुकला तर कुणाला कळतही नाही, आणि कुठंतरी एखादं जहाज गाळात रुततं. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत दोन माणसं समोरासमोर बसत. एक हस्तलिखित मोठ्यानं वाची. दुसरं प्रुफावर नजर ठेवून प्रत्येक आकड्याला 'हं' म्हणे. वाचणारे ते मास्तर. पूर्वी कुठल्याशा शाळेत गणित शिकवत, म्हणून मास्तर. त्यांना दुसरं नाव असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. 'हं' म्हणणारी ती. एकोणीस वर्षं तिनं त्या माणसाचं बोलणं ऐकलं होतं, आणि त्यातलं शेकडा नव्वद बोलणं नुसते आकडे होते. घरचं काही ते सांगत नसत, तीही विचारत नसे. तरी तो आवाज तिच्या अंगात मुरला होता. सुट्टीच्या दिवशी भाजी चिरताना सुरीच्या तालावर आपण 'हं, हं' म्हणतो आहोत हे तिच्या ध्यानात येई, आणि ती एकटीच हसे.

हे नवं काम अवयवांच्या कोष्टकाचं होतं. मोजणी खात्यातल्या कुणा एका माणसानं तीस वर्षं घालवून एकापासून दहा लाखांपर्यंतच्या संख्यांतून दोन, तीन, पाचनं सहज जाणाऱ्या वगळल्या होत्या आणि उरलेल्या प्रत्येकीला भागणारी, एक सोडून सर्वांत लहान संख्या तिच्यापुढं मांडली होती. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीच भागत नाही, जिला शाळेत मूळ संख्या म्हणतात, तिच्यापुढं रेघ. माणूस वारला, वह्या राहिल्या, एका संस्थेनं त्या छापायला दिल्या. गेले पाच महिने मास्तर ते वाचत होते. मागल्या गुरुवारी शेवटचं पान झालं, तेही तिला लख्ख आठवत होतं. लाख-हजार पानभर तेच, म्हणून मास्तर शेवटचे तीन आकडेच वाचत. नऊशे एकोणपन्नास, एकोणतीस. हं. नऊशे त्रेपन्न, रेघ. हं. नऊशे एकोणसाठ, रेघ. हं. नऊशे एकसष्ट. इथं मास्तर थांबले होते. पाणी प्यायला थांबावं तसे नव्हे. ओळखीच्या दारावरून जाताना पाय आपोआप मंदावतात तसे. मग म्हणाले होते, "रेघ." तिनं प्रुफात एकोणतीस पाहिला, खोडला आणि रेघ घातली. तिच्या कानांचा त्यात काही दोष नव्हता.

दुपारच्या सुट्टीत मास्तर नेहमीप्रमाणे खिडकीकडं पाठ करून डोळे मिटून बसले. ती खाली गेली, छापखान्यामागच्या बागेतल्या बाकावर बसली, आणि जुन्या प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एकसष्टला एकोणतीसनं भागलं. बारा उरले. पुन्हा भागलं. पुन्हा बारा. म्हणजे मोजणीवाल्याची चूक. वरच्या एका ओळीतला एकोणतीस नजरचुकीनं खाली उतरला असावा. मास्तर बरोबर होते. तिला हायसं वाटलं. बाकाच्या पायाशी एक चिमणी कसलासा दोरा ओढत होती, तिकडं ती बघत राहिली. आणि मग, जिन्यात मागून कुणी हाक मारावी तसं, तिच्या ध्यानात आलं. मास्तर बरोबर कसे? त्यांचं काम बरोबर असण्याचं नव्हतंच. कागदावर जे असेल ते म्हणण्याचं होतं. कागदावर एकोणतीस होता. समोर एकोणतीस असताना माणूस रेघ कशी वाचेल? वाचतच नसेल तर.

मग एकेक गोष्ट वर येऊ लागली, तळ्यातला गाळ ढवळल्यावर येते तशी. मास्तर पूर्वी दर तासाला चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं नव्हे तर खास त्यासाठी ठेवलेल्या पिवळ्या फडक्यानं पुसत; ते फडकं कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. जिना चढताना त्यांचे ओठ हलत. ती समजे, काही म्हणत असतील; आता कळलं की ते पायऱ्या मोजत होते. एकदा दिवा गेला होता, खोलीत पार अंधारून आलं होतं, तिनं "थांबा मास्तर" म्हणेपर्यंत ते पाच-सहा आकडे पुढं गेले होते. तेव्हा ती हसली होती, तेही हसले होते. आता त्या हसण्याचा अर्थ लावता येईना. समोरचा माणूस रोज सहा तास काय वाचत होता? आणि ती कशाला 'हं' म्हणत होती?

ही भीती तिला नवी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी, लग्न होतं तेव्हा, नवरा संध्याकाळी घरी आला की ती विचारी, "कसा गेला दिवस?" तो सांगे. साहेब काय म्हणाला, शेजारच्या टेबलावरचा लठ्ठ्या कसा खुर्चीत अडकला, कुणाची बदली झाली. छान सांगे, नकला करून सांगे. चार महिन्यांनी एका दुपारी ती डॉक्टरकडं जायला म्हणून बाहेर पडली, तर तो नदीकाठच्या कठड्यावर बसलेला दिसला. मांडीवर कामाची पिशवी, पिशवीवर हात. नोकरी केव्हाच सुटली होती. रोज सकाळी तो डबा घेऊन निघे आणि त्या कठड्यावर बसे. नोकरी गेल्याचं तिला काही वाटलं नसतं, असं ती पुढं सगळ्यांना सांगत राहिली, आणि ते खरंही होतं. पण ते चार महिने. तो लठ्ठ्या, तो साहेब. समोर नसलेलं इतक्या बारकाईनं सांगणारा तो आवाज. आई म्हणाली, "एवढ्यावरून कुणी घर मोडतं का गं?" ती म्हणाली होती, "एवढं पुरतं." त्यानं अडवलं नाही. दुसऱ्या गावी गेला. वर्षातून एकदा पत्र येई, त्यात हवापाण्याचं असे. ते खरं की खोटं हे ताडून बघायला तिच्यापाशी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं एक गोष्ट केली, जिची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटली. आता पुढच्या वर्षाच्या भरती-ओहोटीचं वाचन सुरू झालं होतं. मास्तरांनी सकाळी पिशवीतून हस्तलिखिताची पानं काढून टेबलावर ठेवली आणि ते हात धुवायला गेले. तेवढ्यात तिनं फेब्रुवारीचं पान काढून तिथं मार्चचं ठेवलं. मास्तर येऊन बसले. बोटानं टेबलाची कड चाचपली, पान सरळ केलं, तर्जनी पहिल्या ओळीवर टेकवली आणि वाचू लागले. फेब्रुवारी वाचू लागले. एक तारीख, दोन तारीख, भरतीची वेळ, पाण्याची उंची, सगळं प्रुफाशी तंतोतंत जुळत होतं. तिनं 'हं' म्हटलं. त्यांचं बोट ओळीमागून ओळ सावकाश खाली सरकत होतं. बोटाखाली मार्च होता. 'हं' म्हणायला अर्धा क्षण उशीर झाला, तशी मास्तरांनी मान किंचित कलती केली. "दमलात का?" त्यांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "वाचा."

ती आता फोरमनला काय सांगणार होती? एकोणतीस चुकीचा, हे एका भागाकारात ठरलं. पण तिथं रेघ हवी, हे कसं ठरवायचं? कदाचित सदतीस भागत असेल, कदाचित सहाशे सात. खूप वर्षांपूर्वी शाळेत शिकलेलं तिनं आठवून पाहिलं. संख्या फुटते हे दाखवायला एकच भागणारा पुरतो. त्याला हात धरून आणलं की काम झालं. पण ती फुटत नाही हे दाखवायला सगळ्यांना बोलवावं लागतं, एकेकाला विचारावं लागतं, आणि प्रत्येकाकडून नाही ऐकावं लागतं. वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे. त्याच्यापुढचा कुणी भागणारा असलाच तर त्याचा जोडीदार अलीकडं सापडलेलाच असतो. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एकसष्टचं वर्गमूळ हजाराच्या जरासं अलीकडं होतं. हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट. एकशे अडुसष्ट दारं ठोठावायची.

ती ठोठावू लागली. सकाळी छापखान्याचं फाटक उघडायच्या आधी, दुपारी बागेत, संध्याकाळी खिडकीतला उजेड असेपर्यंत. ही तिची वही नव्हती, तिचं कामही नव्हतं. पण पहिल्या वीस-पंचवीस भागाकारांनंतर तिला त्यात एक विचित्र निवांतपणा वाटू लागला. संख्या तीच. समोर येणारा प्रत्येक वेळी निराळा. सातनं भागलं, चार उरले. तेरानं भागलं तर एकच उरला, एवढासा. सदतीसची तर गंमत झाली: आणखी एक असता तर पुरता गेला असता, एकानं हुकला. कुणी लांबून फिरला, कुणी उंबऱ्यापर्यंत येऊन परतला, पण आत कुणीच आलं नाही. चालता चालता रस्त्यातली माणसं तिला तशी दिसत. फळवाला, पत्रं टाकणारा, पुलावरून सायकल हातात धरून चालणारी पोरगेली बाई. प्रत्येकाचं काहीतरी उरतंय, असं वाटे. एकदा तिला स्वप्न पडलं. लांबच लांब ओसरी, तिथं नवरा बसलेला, आणि ती त्याला विचारते आहे, "कितीनं?" तो पिशवीवर हात ठेवून नुसता बघतो. जागी झाली तेव्हा उन्हं आली होती. त्या चार महिन्यांत त्यानं सांगितलेल्यातलं काय काय खरं होतं, हे आपण कधी विचारलंच नाही, असं तिला वाटलं. तो लठ्ठ्या तरी खरा असेल. खुर्चीत कधीतरी खरंच अडकला असेल.

शनिवारी दुपारी ती तीनशे एकतीसपाशी पोचली. भागाकार मांडला, तीन, शून्य, दोन, एक, आणि खाली शून्य. काही उरलं नाही. तिनं कागदाकडं पाहिलं. तीनशे एकतीस गुणिले तीन हजार एकवीस. तिला धक्का बसायला हवा होता, पण आधी वाटलं ते समाधान. जुनं, ओळखीचं, कडवट समाधान, नदीकाठच्या त्या दुपारी वाटलं होतं तसंच. एवढं पुरतं. मास्तर वाचत नव्हते, आणि जे सांगत होते तेही खोटं होतं. कागदाची घडी करून तिनं पिशवीत टाकली. फोरमनकडं जायच्या आधी मास्तरांना तोंडावर सांगायचं, असं तिनं ठरवलं. एकोणीस वर्षांत ती त्यांच्या घरी कधी गेली नव्हती. पत्ता हजेरीबुकात होता.

रविवारी दुपारी तिनं दार वाजवलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दार एका बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं उघडलं. या मास्तरीणबाई असाव्यात. त्यांच्या बोटाला शाई लागली होती. त्यांनी वर मान करून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का त्या, हं म्हणणाऱ्या?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"या. हे जरा पडलेत आत. बसा, मी चहा टाकते."

"नको काकू. मी एक दाखवायला आले होते." तिनं उभ्या उभ्याच पिशवीतून कागद काढला. बोलताना आवाज जरा चढला. "ते एकसष्ट. मास्तर रेघ म्हणाले होते. त्याला तीनशे एकतीस भागतो."

मास्तरीणबाईंनी कागद घेतला, खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला. बोटानं एकेक पायरी उतरत खाली आल्या. दोन पायऱ्या पुन्हा वर गेल्या. मग कागद परत देत अगदी हळू म्हणाल्या, "सहाशे शहाण्णवातून सहाशे बासष्ट गेले की चौतीस राहतात गं. तू तेहतीस लिहिलेस."

तिनं पाहिलं. तेहतीसच लिहिले होते.

"शेवटी दहा उरतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बस आता. उभ्यानं भागाकार करू नयेत."

ती बसली. कान तापले होते. टेबलावर भरती-ओहोटीचं हस्तलिखित उघडं पडलं होतं, एप्रिलचं पान, आणि त्यावर एक भिंग. हस्तलिखित छापखान्याबाहेर न्यायचं नाही असा नियम होता. तिनं ते पाहिलं, आणि तिनं पाहिल्याचं मास्तरीणबाईंनीही पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत आतल्या दारात मास्तर आले. एक हात भिंतीला लावलेला. "बाई आल्यात का?"

"हं," ती म्हणाली.

"कितीपर्यंत आलात?"

"तीनशे एकतीस."

"म्हणजे सदुसष्ट झाले. एकशे एक राहिले." ते खुर्ची चाचपून बसले. चष्मा नव्हता. त्यांचे डोळे तिनं पहिल्यांदाच नीट पाहिले. स्वच्छ होते, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होते. "दोन वर्षं झाली. आधी आकड्यांच्या कडा गेल्या, मग पोटं. तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले. आता नुसतं पांढरं दिसतं, त्यात करडं. हिनं संध्याकाळी वाचायचं, मी पाठ करायचं, सकाळी तुम्हाला म्हणून दाखवायचं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. रोज जिन्यात सांगणार होतो. वर पोचलो की तुम्ही टाक हातात धरून तयार बसलेल्या असायचात."

मग तिला तो खरा प्रश्न सापडला, जो तिला आठवडाभर टोचत होता. "मग एकोणतीसच का नाही म्हणालात? काकूंनी एकोणतीस वाचला असेल. तोच म्हणाला असतात तर मला कधी कळलं नसतं."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "म्हणणार होतो. तोंडातून आलं नाही."

मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या आणि पेले ठेवता ठेवता सांगू लागल्या, जणू शेजारणीची गोष्ट सांगावी. लग्नाला वर्ष झालं होतं. दिवस राहिले, आणि डॉक्टरांनी त्यांना अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. चार महिने छताकडं बघत पडायचं. तेव्हा वेळ जावा म्हणून मास्तरांनी दहा लाखांच्या आतली शेवटची जोडी शोधून काढली. ज्या दोन मूळ संख्यांत फक्त दोनाचं अंतर असतं त्यांना जोडमूळ म्हणतात. मधे एकच संख्या. "इथं मधली म्हणजे नऊशे साठ," त्या म्हणाल्या, "ती धर्मशाळा. दोन या, तीन या, पाच या, तेरा या, कुणालाही नाही म्हणत नाही. आणि तिच्या दोन्ही बाजूंना या दोघी दारं लावून बसलेल्या. मी एकोणसाठ घेतली, यांनी एकसष्ट. मी पडल्या पडल्या पाटीवर करायची, हे शाळेतून आले की आपली करायचे. मग एकमेकांचे तपासायचे. चार महिने पुरले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मूल राहिलं नाही. हे राहिलं."

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे थड थड आवाज येत होते.

"एकसष्टचं आणखी एक आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "ती गुणाकारानं फुटत नाही. पण बेरजेनं उलगडते. सातशे पासष्टचा वर्ग आणि सहाशे चव्वेचाळीसचा वर्ग, दोन्ही मिळवा, बरोबर तीच येते. आणि याच एका रीतीनं. दुसरे कुठलेही दोन वर्ग घ्या, नाही जमायचं. चारनं भागून एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या अशी दोन चौरसांत मांडता येते. हे शोधायला मला दोन पावसाळे लागले."

"आणि एकोणसाठ?"

"चारनं भागलं की तिचे तीन उरतात. तिला ते जमत नाही."

"माझी कशातच बसत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि तिघंही हसली. हसता हसता तिला जाणवलं की आपण भांडायला आलो होतो.

उरलेले एकशे एक तिनं पुढच्या पाच दिवसांत केले. आता ती सावकाश करी, प्रत्येक वजाबाकी दोनदा बघे. मास्तर खरे आहेत हे तिला कळून चुकलं होतं. तरी एकही दार सोडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि का ते तिला सांगता आलं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा भागणारा, नऊशे सत्त्याण्णव. एक हजार दोन वेळा गेला आणि नऊशे सदुसष्ट उरले. तिनं टाक खाली ठेवला. काही झालं नाही. घंटा वाजली नाही, ऊर भरून आला नाही. फक्त खोलीतल्या वस्तू आपापल्या जागी आहेत, असं फार स्पष्ट वाटलं. टेबल, दिवा, खुंटीवरचा तिचा कोट.

शनिवारी सकाळी ती आणि मास्तर मिळून मालकांकडं गेले. जिन्यात त्यांनी पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोलले मास्तरच. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. मालकांनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, "मास्तर, माणूस म्हणून मला काही म्हणायचं नाही. पण दोन वर्षांची पुस्तकं लोकांच्या हातात आहेत. जहाजं चालतात त्यांवर." "म्हणूनच आलो," मास्तर म्हणाले. त्यांचं काम त्या दिवशी संपलं. फोरमननं तिचे भागाकारांचे कागद वजनावर घ्यावेत तसे हातात तोलले, एकही पान न उलगडता तो खाली गेला, आणि कंपोझिटरनं चिमट्यानं दोन खिळे उपसून तिथं रेघ बसवली. दोन वर्षांत छापलेलं सगळं पुन्हा वाचायचं ठरलं. वाचणार कोण? मालकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तरीणबाई वाचतील. दोन वर्षं त्याच तर वाचत होत्या." मालकांनी आधी नाही म्हटलं, दोन दिवसांनी हो म्हटलं. गुडघ्यांमुळं मास्तरीणबाईंना तीन जिने झेपणारे नव्हते, म्हणून हस्तलिखितं आता परवानगीनं त्या तळमजल्यावर जाऊ लागली.

सहा आठवडे रोज दुपारी ती तिथं जाई. मास्तरीणबाईंचा आवाज निराळा होता, पातळ, मधेच श्वास घेणारा. पहिले काही दिवस तिचं 'हं' भलत्याच ठिकाणी पडे. मास्तर पलीकडं खुर्चीत बसून ऐकत, कधी डुलकी घेत. सातशे चाळीस पानं झाली. दोन चुका सापडल्या. तिनं दोन्ही ठिकाणी हस्तलिखित पुन्हा पुन्हा पाहिलं. एका जागी भरतीची वेळ बारा मिनिटांनी चुकली होती, दुसरीकडं पाण्याच्या उंचीत सहाचा नऊ झाला होता. दोन्हीकडं हस्तलिखित बरोबर होतं. तिनं मास्तरांना विचारलं, तर त्यांनी मान वर करून दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, दोन वर्षांपूर्वीच्या, जशाच्या तशा. त्यांनी त्या तिच्यापुढं बरोबरच म्हटल्या होत्या. चुकीच्या छापलेल्या आकड्यावर नजर ठेवून 'हं' म्हणणारी ती होती. त्या दिवशी आपण कुठं होतो, मनात काय चाललं होतं, हे आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. काही आठवलं नाही. साधा दिवस असणार. माणूस साध्या दिवशी, काही कारण नसताना, जागेवर नसतं.

शुद्धिपत्राचा मजकूर घेऊन ती फोरमनकडं गेली. त्यानं नोंदवही उघडली. "कारणाच्या रकान्यात काय लिहू? वाचणाऱ्याची नजर?"

"नाही," ती म्हणाली. "तपासणाऱ्याची. माझी."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "दोन वर्षांत दोन. चालायचंच, बाई," असं म्हणून त्यानं लिहिलं. ती तिथंच उभी राहिली. आणखी काही होईल असं वाटत होतं, कुणी काही म्हणेल. पण तो पुढच्या कामाला लागला होता.

त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, तिनं नवऱ्याला पत्र लिहायला घेतलं. हवापाण्याचं लिहिलं. मग खाली एक ओळ लिहिली: तुमच्या कचेरीत तो लठ्ठ गृहस्थ होता, तो खुर्चीत खरंच अडकला होता का? पत्र टाकून आली. उत्तर येईल न येईल.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तशी तिचे पाय आपोआप तळमजल्याच्या त्या दाराकडं वळले. काम तर कालच संपलं होतं. पिशवीत हस्तलिखित नव्हतं. दार उघडून मास्तरीणबाई म्हणाल्या, "आज काय वाचायचं?"

"काही नाही. सहज आले."

"सहज बरी आलीस. हे सकाळपासून विचारतायत."

मास्तर खिडकीशी बसले होते. तिच्या पावलांकडं त्यांनी तोंड वळवलं. "बाई, कोष्टक दहा लाखांवर संपलं. पुढची पहिली रेघ कुठं असेल?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही. कधी पाहिलंच नाही तिकडं."

तिनं चपला काढल्या, कोट खुर्चीला अडकवला. मास्तरीणबाईंनी टेबलावरचं भिंग बाजूला सारलं आणि कोरा कागद तिच्यापुढं ओढला. "दहा लाख एक," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. "छे, तो एकशे एकनं जातो."

"मग दहा लाख तीन," मास्तर म्हणाले. "विषम आहे, बेरीज चार, शेवटी पाच नाही. सातपासून घ्या. पहिले तुम्ही, मग ही, मग मी तोंडी. कुणी घाई करायची नाही."

तिनं टाक शाईत बुडवला, कागदाच्या डोक्यावर आकडा लिहिला आणि सातनं भागायला घेतलं. चार उरले.